चाळीस जण येतो म्हणाले, आले अकरा

या वेळचं पत्र, थोडं छोटं करून:

"ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची, इंदूरच्या रामबागेत वाढले, नोकरी विजयनगरला. आजोबा रात्री टेप लावायचे तेव्हापासून गाण्याचं वेड आहे, पण फक्त शास्त्रीय असं नाही, मला आपल्या इकडचं सगळंच आवडतं, कबीर गाणारे पण आणि गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारी पोरं पण. गेली दोन वर्षं इंदूरमधल्या लहान लहान कार्यक्रमांबद्दल मी रोज काहीतरी टाकते, स्टोरी, रील, ग्रुपवर मेसेज, जुन्या बाजारात कॅसेट, तबकडी, पोस्टर असं काही मिळालं की त्याचे फोटो. मागच्या महिन्यात आम्ही तिघांनी एका ओळखीच्यांच्या गच्चीवर बैठक ठेवली, आधी मालवी भजनमंडळी, मग दोन मुलांचा बँड. चाळीस जणांनी येतो म्हणून कळवलं. आले अकरा. मला कलाकारांच्या तोंडाकडे बघवेना. जवळची मैत्रीण म्हणाली, तू लोकांच्या घशात कोंबतेस, म्हणून कोणी येत नाही. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो इंदूरमध्ये पोहे आणि स्वच्छता, गाणं ऐकायचं तर इकडे ये. त्यात आजोबा गेल्यावर त्यांच्या ६०-७० कॅसेटची ट्रंक माझ्याकडे आलीय. एकीवर फक्त 'देवास, रात्र' लिहिलंय, लावली तर कुणीतरी तंबुऱ्यावर गातंय आणि मागे कुत्रं भुंकतंय. तिचं काय करू कळत नाही. आईला वाटतं मी हे सगळं सोडून जरा स्वतःकडे बघावं. सोडू का? तुमची, रामबागेतली एक."

अगं रामबागेतली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या अकरावर अडकले. न आलेल्या एकोणतीस लोकांचं दुःख पत्रभर आहे, पण जे अकरा आले ते कोण होते, कुठून आले, कुणाबरोबर आले, याबद्दल एक ओळ नाही. आज रात्री वही घे आणि त्या अकरा जणांची नावं लिही, आणि प्रत्येकापुढे लिही की तो कसा आला. मला खात्री आहे त्यातले आठ-नऊ तरी तुझी रील बघून आलेले नसणार, कुणी फोन केला म्हणून आले असतील, कुणाच्या स्कूटरवर मागे बसून आले असतील, एखादी तर शेजारच्या गच्चीवरून आवाज ऐकून जिना चढली असेल. ती यादी तुला माझ्यापेक्षा चांगला सल्ला देईल.

सोडू नकोस, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. पण जे करतेस त्यातलं अर्धं मात्र सोड.

मी स्वतः या गावात गाण्याला जायला लागले ते जाहिरात वाचून नाही. आमच्या शेजारच्या काकू होत्या, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, चप्पल घाल." कुणाचं गाणं, कुठे, किती वेळ, काही नाही. मी तेव्हा कॉलेजात, मला खरंतर झोप येत होती, पण काकूंना नाही कसं म्हणणार, गेले. पहिला तासभर काही कळलं नाही, मग त्यांनी हळूच माझ्या मांडीवर बोटांनी ठेका धरून दाखवला, की आता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येतेय बघ, आणि आली. तो क्षण मला अजून आठवतो. पुढे वर्षभर मी त्यांच्याबरोबर जात होते आणि मग एकटी जायला लागले, आणि मग मी दुसऱ्यांच्या दारात जाऊन चप्पल घाल म्हणायला लागले. गेली पंचवीस वर्षं बघतेय, श्रोता असाच तयार होतो, एक एक करून, हाताला धरून. पोस्ट वाचून माणूस अंगठा दाखवतो आणि त्याला वाटतं आपलं काम झालं. ते चाळीस जण खोटं बोलले असं नाही गं, 'येतो' लिहिताना त्यांना खरंच यायचं होतं, पण रविवारी संध्याकाळी घरातून उठवायला कुणी नव्हतं.

आपल्या माळव्यात तर गाणं असंच पुढे गेलंय. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते क्षयाने आजारी होते म्हणून, इथली हवा कोरडी म्हणून. गाणं बंद. कित्येक वर्षं बंद. तो काळ त्यांनी काय केलं, तर ऐकलं. दारावरून जाणारे भजनी, लग्नाच्या गाण्यातल्या बायका, शीलनाथांच्या धुनीवर निर्गुणी भजनं म्हणणारे नाथपंथी, हे सगळं ऐकलं, धुना लिहून घेतल्या, आणि बरे होऊन परत गायला लागले तेव्हा त्या लोकधुनांमधूनच नवे राग उभे केले, धुनउगम राग म्हणतात ते. पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये जे ऐकून लोक थक्क झाले त्याचं मूळ देवासच्या गल्लीतल्या, कुणी नावानिशी न ओळखणाऱ्या गळ्यांमध्ये होतं. आधी बराच काळ नुसतं ऐकलं, मग सांगितलं, हे मला त्यात फार महत्त्वाचं वाटतं. तू दोन वर्षं रोज सांगते आहेस. यातलं किती तू पूर्ण ऐकलंयस, फोन पिशवीत ठेवून? हे रागावून विचारत नाही, पण विचारतेय.

दुसरं उदाहरण त्याच देवासचं. १९९० च्या दशकात एकलव्य संस्थेने तिथे कबीर गाणाऱ्या मंडळ्यांचा मंच चालवला. आसपासच्या गावांतून मंडळ्या यायच्या, तंबुरा, करताल, मंजिरा, ढोलक, जे काय असेल ते घेऊन, आणि रात्र रात्र गायच्या, मधे थांबून एखाद्या पदाचा अर्थ काय यावर चर्चा, मग परत गाणं. महिन्यातून एकदा, दिवस ठरलेला. बस. कुणाला आठवण करून द्यावी लागत नसणार, कारण दिवस हाच निरोप. लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया शाळेत मास्तर होते आणि गात होते, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कालूराम बामनियांना २०२४ मध्ये, आपल्या महूकडच्या भेरूसिंह चौहानांना २०२५ मध्ये. आता सगळे वा वा म्हणतात, पण पद्मश्री यायच्या कितीतरी आधीपासून कुणीतरी जमिनीवर सतरंजी टाकून त्यांच्यासमोर बसत होतं, तेही दहा-पंधराच असतील.

आणि आपल्या मराठी मंडळींना ठरलेल्या दिवसाचं महत्त्व मी काय सांगू, आपल्या सानंद संस्थेचं नाटक असलं की बघ, सभासदांचे गट, प्रत्येकाचा प्रयोग ठरलेला, लोक लग्नाची तारीखसुद्धा त्या मानाने बघतात. तेच तुझ्या गच्चीचं कर. महिन्याचा दुसरा शनिवार, तीच गच्ची, साडेसात म्हणजे साडेसातच, दोघं असले तरी सुरू करायचं. कार्यक्रम एकच ठेव, दोन नको. भजनमंडळी आणि बँड एकाच संध्याकाळी ठेवलंस त्यामागची हौस मला कळते, पण भजन ऐकायला आलेल्या आजींना साउंड चेकमध्ये अर्धा तास बसवलं की त्या परत येत नाहीत, आणि बँडवाल्या पोरांचे मित्र भजन चालू असताना खाली चहाच्या टपरीवर थांबतात. आधी दोघांनाही त्या जागेची सवय लागू दे. मग एखाद्या पावसाळ्यात त्या बँडच्या मुलाला म्हण की पुढच्या शनिवारी तू फक्त ऐकायला ये, तंबुऱ्याच्या शेजारी बस. तिथून जे काय व्हायचं ते होईल.

तुम्ही तिघं आहात ना, तर प्रत्येकाने दर वेळी दोनच माणसं आणायची, पण आणायची म्हणजे घरून उचलून आणायची. सहा झाले. ते अकरा आहेतच. खाली पोह्याचं पातेलं, वर सेव आणि जीरावण मसाला, एवढं असलं की इंदूरचा माणूस बसतो, हे मी अनुभवाने सांगते.

आता मैत्रिणीचं. ती बोलली ते तुला लागलंय, पण अर्धं खरं बोलली आहे गं. एकाच गोष्टीचे अकरा फोटो आणि 'हे ऐकाच' असं २०० जणांना पाठवलं की कुणालाच असं वाटत नाही की हे माझ्यासाठी आहे. तुझ्या हाताला ज्या भन्नाट गोष्टी लागतात त्या एकेकाला द्यायच्या असतात, माणूस बघून. म्हणजे कसं ते सांगते, कारण मला यातच सगळ्यात जास्त मजा येते.

आकाशवाणी इंदूरवर शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी अशी जोडी होती, मालवीत गप्पा मारायची, बियाणं, पाऊस, घरातली भांडणं, सगळं. तुझ्या वयाच्या पोरांना पाठवलं तर ती दोन सेकंदांत पुढे सरकवतील. पण तुझ्या ऑफिसात कुणाचे तरी वडील खेड्यातून आलेले असतील, साठीच्या पुढचे, त्यांच्यासमोर नुसती ही दोन नावं काढ. ते जे सांगायला लागतील ना ते लिहून घे, तो खजिना तुला कुठल्याही जुन्या बाजारात मिळणार नाही.

किंवा अनंत चतुर्दशीच्या झाक्या, मिरवणुकीतले फिरते देखावे. आपण लहानपणापासून बघतो म्हणून त्याचं आपल्याला काही वाटत नाही, पण बाहेरच्या माणसाला हे सांगून बघ की हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, भोंगा वाजायचा थांबला, आणि तरी मिलच्या नावाची झाकी निघत राहिली, कामगार लोक वर्गणी काढून, मिळेल ती मदत जमवून दिवे लावत राहिले, रात्रभर मिरवणूक, आखाड्यांचे पट्टे, बँड, पहाटेपर्यंत रस्त्यावर लोक. तुझ्या ओळखीत कुणी डिझाइन शिकणारं, सिनेमावेडं पोर असेल तर त्याला हे सांग आणि त्या रात्री बरोबर घेऊन उभी राहा. त्याला सांगू नकोस की हे किती महान आहे. त्याच्याशेजारी उभी राहा फक्त.

आणि संजा! पितृपक्षात भिंतीवर शेणाने आकृती काढून फुलं लावून मुली गाणी म्हणतात ती. आमच्या वाड्यात मालवी मुलींची संजा संपली की लगेच नवरात्रात आमचा भोंडला सुरू, आणि त्या मुली आमच्यात फेर धरायच्या आणि आम्ही त्यांच्या संजाबाईला जायचो, खिरापत दोन्हीकडची खायचो. कुठलं गाणं कुठलं हे तेव्हा कळतच नव्हतं, दोन्ही भाषा तोंडात सारख्याच बसलेल्या. इंदूरच्या मराठी माणसाकडेच हे असं दुहेरी गाठोडं आहे. तुझ्या मैत्रिणीला लहान मुलगी असेल तर तिला लिंक पाठवण्यापेक्षा एक संध्याकाळ दोघींना कुठल्या जुन्या मोहल्ल्यात घेऊन जा, अजून होते संजा, शोधावी लागते.

बघ, प्रत्येक वेळी एक वस्तू, एक माणूस. आणि सोबत गोष्ट सांगायची, कुठे मिळाली, कुणी दिली, देताना काय म्हणाला. खजुरी बाजारात पुस्तकांच्या खालून निघालेली कॅसेट आणि तीच कॅसेट इंटरनेटवर, यात फरक त्या दुकानदाराच्या बोलण्याचा आहे.

भावाबद्दल. त्याच्याशी वाद घालू नकोस. मला माहितीये आपल्याला काय उत्तर सुचतं, की लता मंगेशकरांचा जन्म इथला, सिख मोहल्ल्यातला, १९२९ चा, उस्ताद अमीर खां इथे वाढले, नाना पानसे यांचं पखवाजाचं घराणं आपल्या होळकरांच्या इंदूरचं. सगळं खरं आणि सगळ्याचा मला अभिमान आहे. पण ही नावं फेकून कुणी गच्चीवर येत नाही. मला तर कधी कधी राग येतो की आपल्या गावाला पुण्यतिथी साजरी करायची इतकी सवय झालीय की समोर बसून गाणाऱ्या वीस वर्षांच्या पोराकडे बघायला कुणी तयार नाही. अमीर खांसाहेब इतक्या धीम्या लयीत झूमरा तालात गायचे, ती लय ऐकायला शिकायला लोकांना वेळ लागला असणारच, त्या वेळी जे शांतपणे बसून राहिले त्यांच्यामुळे ती गायकी टिकली. तसं बसून राहणारं आज कोण आहे?

आणि 'इंदूरचं' म्हणजे काय याची यादी कुणाला ठरवू देऊ नकोस. २००६ मध्ये इथे निकोटीन नावाचा हेवी मेटल बँड सुरू झाला, इंदुरात मेटल, विचार कर, तेव्हा मध्य भारतात असलं वाजवणारं कोण होतं, वाजवायला जागा कुठे होत्या! मला ते संगीत मनापासून कळतं असं म्हणणार नाही, पण ज्या गावात पखवाजाचं घराणं उभं राहिलं तिथे पोरांनी दोन पायांनी ड्रम वाजवायला लागावं यात मला काही परकं वाटत नाही. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच आहे, कबीर गाणारे पण आणि गिटारवाली पोरं पण. तो 'पण' घट्ट धरून ठेव.

भाऊ दिवाळीला येईल तेव्हा त्याला काही पटवायचं नाही. चप्पल घाल म्हणायचं.

आता ट्रंकेकडे येते, कारण खरं सांगायचं तर त्या ६०-७० कॅसेटसाठी मी हे पत्र आधी घेतलं.

अमीर खांसाहेबांच्या हयातीत निघालेल्या एलपी अगदी मोजक्या आहेत. आज आपण त्यांचं जे ऐकतो त्यातलं कितीतरी रेडिओवरचं आहे किंवा कुणीतरी घरगुती बैठकीत टेप करून, जपून, दुसऱ्याला कॉपी करून दिलेलं आहे. त्या टेप करणाऱ्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नसतात. तुझे आजोबा त्यांच्यातलेच एक असणार. म्हणून घाई करू नकोस, आणि उशीरही करू नकोस.

सगळ्यात आधी, आजच, प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला जे दोन छोटे प्लास्टिकचे टॅब असतात ते बघ. असतील तर स्क्रूड्रायव्हरने तोडून टाक. ते तुटले की त्यावर परत रेकॉर्ड होत नाही. हे मी इतकं कळवळून का सांगतेय, तर आमच्या घरी माझ्या मावशीच्या आवाजातली एक टेप होती, स्वयंपाक करता करता म्हटलेल्या ओव्या, जात्यावरच्या, तिच्या आईकडून आलेल्या, आणि टॅब तोडलेला नव्हता, कुणीतरी घरच्याच लग्नात तीच कॅसेट रिकामी समजून टाकली आणि वरून बँड रेकॉर्ड झाला. शेवटची दोन मिनिटं उरली आहेत. मावशी आता नाही. ती दोन मिनिटं मी अजूनही वर्षातून एकदाच ऐकते.

मग कॅसेट डबीतून बाहेर काढून फीत बघ, पांढरी भुरी आली असेल तर ती लावू नकोस, बुरशी आहे ती, एका टेपवरून हेडला लागते आणि हेडवरून पुढच्या प्रत्येक टेपला. तसल्या वेगळ्या पिशवीत ठेव आणि जाणकार माणसाकडे ने. बाकीच्या, बरीच वर्षं पडून आहेत म्हणून, एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घे, म्हणजे फीत सैल होते. टेपरेकॉर्डरचा हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसून घे, दर दोन-तीन कॅसेटनंतर परत. आणि नुसतं ऐकायला म्हणून लावू नकोस, पहिल्यांदा वाजेल तेव्हाच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड होऊ दे, कारण जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही. फाइल वेव्ह ठेव, एमपी३ नंतर करता येते. ज्यावर जे लिहिलंय ते अक्षर न अक्षर तसंच फाइलच्या नावात घाल, चुकीचं वाटलं तरी, आणि कव्हरचे दोन्ही बाजूंचे फोटो. एक कॉपी तुझ्याकडे, आणि एक पुण्याला भावाकडे हार्ड डिस्कवर पाठव. त्याला सांग जपायचं काम तुझं. वाद घालणाऱ्या माणसाला काम दिलेलं चांगलं. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवलीस तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते दाबून आवाजाची वाट लावतं.

तबकड्यांबद्दल तू विचारलं नाहीस पण जुन्या बाजारात मिळतात म्हणालीस म्हणून सांगते, ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट लावून पुसू नकोस, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीची सुई पण त्यांना चालत नाही, खाच रुंद असते. आणि एकदा पिगडंबरला जाऊन ये, महूच्या रस्त्यावर, सुमन चौरसिया यांचं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे, लताबाईंच्या नावाने, हजारो तबकड्या. एका माणसाने आयुष्यभर एक एक करून गोळा केलेलं आहे ते. त्या बँडमधल्या पोरांना घेऊन जा बरोबर. त्यांना सांग की या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, मोठमोठ्या गवयांना तेवढ्यात पूर्ण राग मांडायला लागायचा, आणि तुमची गाणी पण तेवढीच असतात. त्यांना त्यात काहीतरी आपलं सापडेल.

'देवास, रात्र' मात्र अजून कुठे टाकू नकोस. आधी गाणारा शोध. कायद्याने प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षांनी संपतो वगैरे आहे, पण ही टेप बाजारात आलेलीच नाही, ती एका माणसाने एका रात्री दुसऱ्यांच्या विश्वासावर गायलेली आहे. एखाद्या रविवारी ती फोनवर घेऊन देवासकडच्या कुठल्यातरी भजनमंडळीत जा, चहा होऊ दे, मग लाव. त्या लोकांचे कान असे असतात की आवाजावरून नाही तर तंबुऱ्यावरून, किंवा पद संपवायच्या ढबीवरून, कुठल्या गावचा हे सांगतात. गाणारा सापडला तर त्याच्या हातात कॉपी द्यायची, नसला तर मुलांच्या. पुढे काय करायचं ते त्यांना विचारून. तुझ्या गच्चीवर जे गातात त्यांचंही रेकॉर्डिंग करायच्या आधी विचारतेस ना? विचारत जा. आणि पाकीट द्यायचं, नेहमी, लहान असलं तरी, गाडीभाडं तरी निघायलाच पाहिजे. 'लोकांपर्यंत पोचाल' हा मोबदला नाही, तो मीसुद्धा खूप वर्षांपूर्वी एका गाणाऱ्याला देऊ केला होता आणि त्याने मान खाली घालून हो म्हटलं, ते मला आजही बरं वाटत नाही.

राहता राहिली आई. स्वतःकडे बघ म्हणते, म्हणजे बहुतेक तुला दमलेली बघते आहे रोज रात्री फोन घेऊन बसलेली. रोजचं टाकणं बंद केलंस की अर्धी तक्रार मिटेल. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाहीये का, की ज्या घरात आजोबा रात्री टेप लावायचे त्याच घरात तुझी आईसुद्धा होती? कदाचित ती तेव्हा भाकऱ्या थापत होती, कदाचित पलीकडच्या खोलीत तुला झोपवत होती, पण कानावर सगळं पडत होतंच. देवासला त्या रात्री आजोबा कुणाबरोबर गेले, टेपरेकॉर्डर कुणाचा होता, परत आल्यावर काय म्हणाले, हे तिला माहीत असायची शक्यता तुझ्या सगळ्या फॉलोअर्सपेक्षा जास्त आहे. हेडफोन लावून एकटी ऐकू नकोस. स्वयंपाकघरात टेप ठेव, लाव, आणि गप्प बस.

आणि ते रेकॉर्डिंग साफ करून घ्यायला देशील तेव्हा तो मुलगा विचारेल की मागचा आवाज काढून टाकू का. एक कॉपी अशी ठेव ज्यातलं कुत्रं कुणी काढलेलं नाही. आईला कदाचित त्याच्यावरूनच आठवेल ते कुणाचं अंगण होतं.

तुझी,
ताई